लादीची पाठ

काल दुपारी वारा सुटला आणि आमच्या इमारतीच्या दर्शनी भिंतीवरची ग्रॅनाइटची लादी सातव्या मजल्यावरून थेट वॉचमनकाकांच्या खुर्चीशेजारी येऊन फुटली. काका पाणी प्यायला उठले होते, म्हणून वाचले.

"वाऱ्यापुढे कोणाचं काय चालतं?" सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले.

मी लादीचा मोठा तुकडा उलटा केला. चिकटवायचं केमिकल पाठभर पसरायचं, तर इथे कढईत भजी सोडावीत तसे दोन-तीन गोळे. बाकी पाठ कोरी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपण सगळे पुढची चकाकी बघून खूश होतो. मागे हात घालून बघतो तो एकटा वारा. आणि चोर म्हणे तोच!

संध्याकाळी सेक्रेटरींची सूचना आली: गाड्या भिंतीपासून लांब लावा.

काकांची खुर्ची अजून तिथेच आहे.