पट्टी सोडणारा

देवासच्या बसस्टँडबाहेर पंक्चर काढणारा एक माणूस बसायचा. मी मराठी बोलतो हे कळल्यापासून रोज सकाळी हाक मारायचा, "या भिया, पकडा जरा." शर्टाला हात पुसून खिशातली लाकडी फूटपट्टी काढायचा, माझ्या बोटांच्या चिमटीत उभी धरायचा आणि न सांगता सोडायचा. ती जितकी कमी घसरेल, तितका माणूस चपळ. मला ऑफिसला उशीर होतोय, याची त्याला फिकीर नसे.

त्याची मुलगी धारजवळच्या ट्रॅकवर मोटारींच्या शर्यतीत उतरणार होती. लाल दिवे विझताक्षणी गाडी सुटायला हवी, म्हणून घरी हाच सराव चाले. पट्टी सोडायचं काम बापाचं.

"पण सोडायच्या आधी माझी भुवई हलते म्हणे. पोरगी पट्टी बघतच नाही, मला बघते. आता दिव्यांना काय भुवई असते?"

म्हणून तो माझ्यावर सराव करायचा, भुवई आवरण्याचा. मी पट्टी पकडली की खट्टू व्हायचा.

एका सकाळी पट्टी थेट जमिनीवर पडली. त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नव्हती.

"जमलं की हो!"

तो हसला नाही. पट्टी पुसत म्हणाला, "आत्ताच तिला धारच्या बसमध्ये बसवलं. पहिली रेस आहे. बाप घाबरलाय हे दिसू नये, म्हणून एकदम चुप उभा राहिलो."

"मग?"

"बस सुटली, तर खिडकीतून ओरडली, 'बाबा, भुवई!'"