सपाट देशातले चढवेडे गृहस्थ

नेदरलँड्समध्ये इतकी वर्षं राहून त्या देशाला एकदाही माफ न केलेला माणूस मी एकच पाहिला. हूफडॉर्पच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारे हे गृहस्थ मूळचे साताऱ्याचे, पन्नाशीचे, एकटे. हा देश सपाट आहे याचा त्यांना इतका राग, की जणू तो त्यांनाच छळायला मुद्दाम सपाट झाला होता. "पोळपाटावर लाटून ठेवल्यासारखा देश रे! मान वर करून बघावं असं काही नाहीच," ते म्हणायचे. कालव्यावरच्या पुलाला ते 'घाट' म्हणत आणि सायकलवरून तो ओलांडताना उगाचच घंटी वाजवत. एका रविवारी मला जेवायला बोलावलं आणि पिठलं वाढायच्या आधी गावाबाहेरच्या एका टेकाडावर नेलं. वर पोचल्यावर कमरेवर हात ठेवून म्हणाले, "इथला वारा बघ, कसा वेगळा लागतो!" वारा खाली होता तसाच होता. पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मीही "हो, लागतो खरा," म्हणालो.

मग लॉकडाऊन आला आणि ऑफिस घराघरांत विखुरलं. त्यांच्या घरात ते आणि लॅपटॉप, तिसरं कुणी नाही. संध्याकाळी ते एका रिकाम्या बहुमजली पार्किंगमध्ये जात आणि गाड्यांसाठीच्या वळणदार चढावरून चालत गच्चीपर्यंत पोचत. तिथल्या रखवालदाराने एकदा हटकलं, "तुमची गाडी कुठाय?" हे शांतपणे म्हणाले, "मागून येतेय." वर पोचले की मला फोन करत. बोलणं काही नसे. धापा टाकत टाकत दिसतील ती विमानं मोजत. तीही फार नसत.

हिवाळ्यात त्यांना कोविड झाला. मी डबा दाराशी ठेवून जिन्याखाली उभा राहायचो, ते वरून हात हलवायचे. त्यातून ते उठले, पण दम गेला. त्यांचा 'घाट'सुद्धा सायकल हातात धरून, मध्ये थांबत ओलांडावा लागे. पार्किंगच्या फेऱ्या बंद, फोनही बंद. विचारलं तर म्हणायचे, "काय सांगू? सगळं सपाट."

प्रवास सुरू झाल्यावर मी त्यांना जवळजवळ ओढतच बार्सिलोनाला नेलं. तिथे डोंगराच्या अंगावर चढलेली एक वस्ती आहे आणि तिच्या उभ्या गल्लीत, उघड्यावर, सरकते जिने बसवलेत. एक संपला की चार पावलांवर दुसरा. ते बघून खूश होतील असं मला वाटलं होतं. ते रुसले. "चढ म्हणजे पायांनी चढायचा असतो. मी काय सामान आहे?" असं म्हणून शेजारच्या पायऱ्या चढायला लागले आणि थोड्याच वेळात भिंतीला टेकून उभे राहिले. मान खाली घातलेली. मग सरकत्या जिन्यावर आले.

पहिला टप्पा संपता संपता त्यांच्या पुढे उभ्या असलेल्या एक आजीबाई अडखळल्या. मास्क लावलेल्या, हातात भाजीची पिशवी. यांनी "मावशी, सांभाळून!" म्हणत त्यांना सावरलं. आजीबाईंनी यांचा हात धरला तो सोडलाच नाही. पुढचे सगळे टप्पे दोघं शेजारी उभे राहून वर गेले. त्या त्यांच्या भाषेत काहीतरी सांगत होत्या, हे मराठीत "हो ना, गुडघे म्हटलं की तसंच," म्हणत होते. बाल्कन्यांतले वाळत घातलेले कपडे, कुंड्या, खाली पसरत जाणारं शहर, सगळं त्या दोघांच्या बाजूने हळूहळू उतरत गेलं. वरच्या एका दाराशी आजीबाईंनी त्यांचा हात थोपटला आणि त्या आत गेल्या.

मी सवयीने सॅनिटायझरची बाटली पुढे केली. त्यांनी हात मागे घेतला.

"राहू दे रे," म्हणाले. "वर्ष झालं, कुणी हात धरला नव्हता."

आम्ही कठड्याशी बराच वेळ बसलो. समुद्र दिसत होता. मग पायऱ्यांनी, थांबत थांबत, खाली उतरलो आणि ते मला म्हणाले, "तू हो पुढे, मी येतो एक फेरी मारून." मी खालून बघत होतो. सरकत्या जिन्यावर ते अगदी एका कडेला उभे होते, शेजारी आणखी कुणी मावेल एवढी जागा ठेवून.