बुटांवर आलेला आळ

"चावायचं त्ये आताच चावून घेऊ दे," असं म्हणत मामा उजवी टाच बुटातून अर्धी बाहेर काढायचे, तिला जरा वारा द्यायचे आणि पुन्हा आत ढकलायचे.

कर्जतच्या एका भाताच्या गिरणीत ते इंजिन चालवत आणि मी कारकून होतो. सगळेच त्यांना मामा म्हणत. गिरणीत हमाल अनवाणी, मी अनवाणी, शेठ तेवढे चपलांत. लढाई संपून लष्कराचे बूट बाजारात स्वस्त आले, तेव्हा मामांनी एक जोड घेतला. कुणी विचारलं तर म्हणत, "टाचंला भेगा हायेत रं." खरं कारण फक्त मला ठाऊक होतं.

शिळफाट्याच्या बाजूला एक नवा कारखाना उभा राहत होता. दिवाळीनंतर तिथे माणसं घेणार होते. मामांनी तयारीला सुरुवात केली आषाढात.

"इतक्या लवकर?" मी हसलो.

त्यांनी दारातून वर बोट केलं. शेतांवरून विजेच्या तारा गेल्या होत्या. "भिवपुरीची वीज आपल्या डोक्यावरून मुंबईला जाती. एक दिस हितं खाली उतरंल. मंग शेठ मोटर बसवंल आनि मला नारळ दील. तवा पळन्यापरीस आताच चालाया लागलेलं बरं." मग बुटांकडे बघून म्हणाले, "आनि सायबाफुडं नवे बूट घालून गेलो, तर म्हनंल, ह्यो लंगडा कुठनं आला?"

पावसाळ्यात गिरणीला काम बेताचंच असे. दुपारी मी कानाला टाक लावून पोत्यांच्या थप्पीवर साहेब होऊन बसायचो. मामा बूट वाजवत आत येत.

"जुनी नोकरी का सोडता?"

"सायेब, नोकरी ब्येस हाय, शेठ ब्येस हाय, इंजिन तेवढं म्हातारं हाय." लगेच स्वतःच मान हलवायचे. "ह्ये नको. सायेब म्हनंल, मंग म्हाताऱ्याची सेवा कर, हितं कशाला आलास?"

एकदा मी "बसा" म्हणालो. ते पोत्यावर बसले आणि इंजिनापासून थोरल्या लेकीच्या सासूपर्यंत सगळं सांगून मोकळे झाले. मग कपाळाला हात लावून म्हणाले, "बघ कारकुना, बस म्हटलं की मानूस वाहवतो. ध्येनात ठेव. बूड टेकलं म्हनून जीभ सैल सोडायची नाय."

त्यांची आणखी एक तयारी होती. ते मला इंजिन शिकवत होते. "ऐन हंगामात शेठची गिरन बंद पडाया नको," म्हणायचे. सुरू करण्याआधी दिव्याच्या ज्योतीने इंजिनाचं डोकं कसं तापवायचं, चाकाला झोका कधी द्यायचा, सगळं हाताला धरून दाखवलं. "डोकं तापल्याबिगर चाकाला हात लावायचा नाय. मान्साचं उलटं. त्याचं डोकं तापलं की लांब ऱ्हायाचं."

दसऱ्याच्या आधी शेठनी मला पेढीवर बोलावलं आणि समोरच्या खुर्चीकडे बोट केलं. "बस."

पाच वर्षांत त्या खुर्चीवर मला कुणी बसवलं नव्हतं. कपबशीतून चहा आला. शेठ सहज म्हणाले, "हा इंजिनवाला बूट घालून निघालाय तरी कुठे?"

मी सांगितलं. कारखाना, दिवाळी, पोत्यांवरची मुलाखत, सगळं. शेठ हसत होते, म्हणून जास्तच रंगवून सांगितलं. साहेबासमोरचा मामांचा नमस्कारसुद्धा उठून करून दाखवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांना नारळ मिळाला. कारखान्यात आधीच्या मालकाचा दाखला लागत असे. तो मिळणार नाही, हे शेठनी सगळ्यांदेखत सांगितलं. इंजिन माझ्याकडे आलं.

फाटकाशी हमाल जमले होते. एकाने विचारलं, "मामा, शेठला कळलं कसं?"

मामांनी स्वतःच्या पायांकडे बोट केलं. "ह्यांनी चुगली केली. सारके करकर वाजत व्हते, द्वाड!" सगळे खो खो हसले. मामा माझ्याकडे वळून एवढंच म्हणाले, "डोकं नीट तापव रं." आणि बूट करकर वाजवत गेले.

बुटांनी मामांची नोकरी घालवली, ही गोष्ट कर्जतात पुढे कितीतरी वर्षं सांगितली गेली. मीही सांगितली, आणि लोकांना हसवलं.

दाखल्यावाचून कारखान्याने मामांना इंजिनावर घेतलं नाही. ते हमाल म्हणून लागले. तीन वर्षं पाठीवर ओझी वाहिली, तेव्हा कुठे मोटरघरात शिरले. त्याच सुमाराला वीज आमच्या गिरणीतही उतरली. शेठनी मोटर बसवली आणि मला नारळ दिला. माझी कसलीच तयारी नव्हती.

तुम्हीच सांगा, मी कुणाकडे जाणार? शिळफाट्याला मामांच्या खोलीवर गेलो. त्यांनी एकुलती एक खुर्ची पुढे सरकवली. "बस."

मी बसलो. सगळं ओठांवर आलं होतं. पण तोंड उघडेना. मामांनी माझ्याकडे बघितलं. मग हसले.

"शिकलास म्हनायचा. बस म्हटलं तरी गप हायेस."

मी खुर्चीतून अर्धा उठलो. मामा तोवर वाकून खाटेखाली काहीतरी शोधत होते. तेच बूट बाहेर काढून त्यांनी माझ्या पायांशी ठेवले.

"घाल. सोमवारी सायबाकडं न्येतो तुला. घाबरू नको, चावायचं त्ये चावून झालंय."

त्या कारखान्यात मी म्हातारा झालो. मामा जाऊनही आता फार वर्षं झाली. ते बूट मला एकदाही चावले नाहीत. चुगली बुटांनी केली नव्हती. मी केली होती.