फाट्यावर थांबवा

कॉलेजचं पहिलं वर्ष म्हटलं की मला वर्ग आठवत नाही, बस आठवते. कॉलेज हिंगोलीला आणि आमचं गाव कळमनुरीच्या पुढं, मेन रोड सोडून आत. संध्याकाळी परतताना फाट्यावर उतरायचं. जलद गाडी तिथं आपणहून थांबत नाही. कंडक्टरला ओरडून सांगावं लागतं, "फाट्यावर थांबवा." एवढे दोनच शब्द, पण ते माझ्या तोंडून काही केल्या निघायचे नाहीत.

दिवाळीपर्यंत निभावलं. गल्लीतली एक ताई शेवटच्या वर्षाला होती, तिचा आवाज म्हणजे भोंगा. ती ओरडायची आणि मी तिच्या मागोमाग गुपचूप उतरायचे. मग तिचं लग्न झालं. त्यानंतर फाट्यावर उतरणारं दुसरं कोणी गाडीत असलं तर माझं नशीब. नसलं तर मी खिडकीतून आमचा फाटा मागं जाताना बघायचे, पुढं बाळापूरला उतरायचे आणि दप्तर सावरत तेवढा रस्ता पायी परत यायचे.

वर्गातही तेच. हजेरीला मी म्हटलेलं 'हजर' पुढच्या बाकापर्यंतसुद्धा पोचायचं नाही. सर खुशाल गैरहजर मांडून पुढं जायचे. लोकांना वाटतं, लाजरं माणूस म्हणजे गरीब गाय. मी कसली गरीब? मनातल्या मनात मी सरांचा, कंडक्टरचा आणि त्या ताईच्या नवऱ्याचाही रोज उद्धार करायचे.

बरं, आवाज नव्हता असंही नाही. ज्वारी दाण्यात आली की सुट्टीच्या दिवशी पाखरं राखायला शेतातल्या लाकडी माळ्यावर मीच चढायचे. "हाऽऽ हुर्रेऽऽ" अशी हाळी दिली की शेजारच्या शेतातलेही पोपट उठायचे. पण पाखरं उडून जातात, वळून बघत नाहीत. बसमधली माणसं वळून बघतात. माझं सगळं घोडं तिथं अडत होतं.

उशीर व्हायला लागला तशी मी घरी सांगायला लागले की बसच उशिरा येते. एक दिवस बाबा फाट्यावरच्या हॉटेलात चहा पीत बसले होते. त्यांच्या डोळ्यांदेखत गाडी वेळेवर आली, न थांबता निघून गेली, आणि मी मात्र अंधार पडल्यावर घरी पोचले.

"गाडी तर बराबर टायमाला गेली," बाबा म्हणाले. "मग तू कुठं होतीस?"

काय सांगणार? दोन शब्द बोलता येत नाहीत म्हणून बाळापूरहून चालत येते, यावर कोण विश्वास ठेवेल? मी खाली मान घालून उभी राहिले आणि बाबांना जे वाटू नये तेच वाटलं.

"उद्या मी फाट्यावर उभा ऱ्हातो. त्या गाडीतून उतरलीस तर ठीक. न्हाई तर परवापासून कॉलेज बंद."

दुसऱ्या दिवशी नेमकी लग्नाची तिथी. गाडीत पाय ठेवायला जागा नाही. मी पार मागं, कंडक्टर पार पुढं. फाट्यावर उतरणारं ओळखीचं एकही तोंड दिसेना. कळमनुरी सुटल्यापासून मी ओठातल्या ओठात 'फाट्यावर थांबवा' घोकत होते. तेवढ्यात फाट्यावरची चिंच दिसली. चिंचेखाली बाबांची मोटरसायकल दिसली. आमची बस काही हळू होईना.

मी तोंड उघडलं. घोकलेले शब्द घशातच राहिले आणि पोटातून जे निघालं ते असं, "हाऽऽऽ हुर्रेऽऽऽ!"

ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला. एक लेकरू झोपेतून उठून रडायला लागलं. सगळी बस वळून बघायला लागली.

"काय झालं? कोन हाय ते?" कंडक्टर.

"फाटा आला," मी म्हणाले. "मला उतरायचंय."

"मग तसं सांग की माय. आमी काय पाखरं हावोत का?"

गाडीभर हशा पिकला. ज्याला मी वर्षभर भ्याले होते ते हेच. लोकांनी बघितलं, हसले, आणि मला काहीसुद्धा झालं नाही. उलट मलाच हसू आवरेना. "सरका, उतरू द्या," असं म्हणत मी त्या गर्दीतून वाट काढली आणि लोक खरंच सरकले.

बाबा जवळ आले. "कोण वरडलं?"

"मी."

"काहून?"

मग तिथंच, रस्त्याच्या कडेला, सगळं सांगितलं. बाबांनी मान वळवून बाळापूरच्या दिशेनं बघितलं.

"तिथून पायी यायचीस?"

"व्हय."

माझं दप्तर त्यांनी आपल्या खांद्यावर घेतलं आणि मोटरसायकलला किक मारली. घरी आई दारातच उभी होती. तिनं घाबरत विचारलं, "मग? बंद करायचं का कॉलेज?"

"बंद काहून?" बाबा म्हणाले. "जलद गाडी थांबवून आलीय ती."

दुसऱ्या दिवशी हजेरीला मी माळ्यावरच्या आवाजात 'हजर' म्हटलं. सरांनी दचकून मान वर केली.

"नवीन ॲडमिशन का?"

"न्हाई सर," मी म्हणाले. "पहिल्या दिवसापासून इथंच हाय."