डोंबिवलीच्या पडवीतली दुसरी चटई

देवासमोर हात जोडून सांगते, भुताखेतांवर, चकव्यांवर आणि अंगात येण्यावर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. ज्या देवासमोर हात जोडले आहेत त्याच्या अंगाला मी एकदा भोकराचा चीक लावला होता, हेही आधीच सांगून टाकते. म्हणजे माझ्या शपथेला किती वजन द्यायचं ते वाचणाऱ्यांना ठरवता येईल.

आम्ही ठाण्याला, तळ्यामागच्या आळीत राहतो. घरात मामंजी, म्हणजे माझे सासरे, हे, आमची चार मुलं आणि वन्सं. वन्सं म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण, दुर्गाताई. लग्नानंतर वर्षाच्या आत त्यांचं कुंकू गेलं. पुढे त्या शिकल्या आणि मुलींच्या शाळेत शिकवू लागल्या. मला अक्षरओळख त्यांनीच करून दिली. पुढे जे घडलं त्यात हे लक्षात ठेवावं, कारण मी ते विसरले होते.

त्या वर्षी माघात वन्संना हिवताप झाला. ताप गेला, पण अंगात ताकद येईना. डॉक्टर म्हणाले, शाळेच्या सुट्टीत महिनाभर हवापालट हवा. शांत जागा बघा आणि बाईंना कोणी त्रास देऊ नका. मामंजींनी विचारलं, "बरोबर कोणाला पाठवायचं?"

वन्सं म्हणाल्या, "कोणाला नको, आप्पा. मी एकटी जाईन."

त्या दिवशी घरातलं कोणी नीट जेवलं नाही. मीही नाही, पण माझं कारण वेगळं होतं. एकटी... महिनाभर! कोणी हाक मारणार नाही. कोणाचं पान वाढायचं नाही. माझ्या लग्नाला चौदा वर्षं झाली होती. त्यात मी एकटी बसले ती महिन्यातले चार दिवस कोपऱ्यात, आणि तिथेही मुलं लांबून विचारतच असत, "आई, गूळ कुठल्या डब्यात आहे?" सवाष्णीने विधवेचा हेवा करावा हे पाप आहे, हे मला ठाऊक होतं. तरी वाटत होता. सकाळी दळताना वाटायचा, रात्री अंथरुणं घालताना वाटायचा. वन्संनी ट्रंक उन्हात ठेवली तर मला त्या ट्रंकेचाही वाटला.

मामंजी कचेरीत शिरस्तेदार होते. नोकरी संपली, पण कचेरी त्यांच्यातून गेली नाही. बायकांच्या हवापालटाचा प्रश्न घरच्या बोलण्यात सुटावा हे त्यांना कमीपणाचं वाटलं. त्यांनी कौल लावायचं ठरवलं. आमचं मूळ घर कोकणातलं. तिथला हातभर उंचीचा काळा पाषाण मामंजींच्या वडिलांनी गलबतातून इथे आणला होता. पाषाणाच्या उजव्या आणि डाव्या अंगाला एकेक ओली पाकळी चिकटवायची आणि गाऱ्हाणं घालायचं. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही.

मामंजींनी ठिकाणांची यादी केली. नाशिक, कारण तिथे पुण्य आहे. अलिबाग, कारण वन्संनी आयुष्यात समुद्र नीट पाहिला नव्हता आणि त्यांना तो बघायचा होता. वज्रेश्वरी, कारण तिथे गरम पाण्याची कुंडं आहेत. कल्याण, कारण तिथे चुलतमामांचं घर आहे. चार आकडा त्यांना बरा वाटला नाही, म्हणून पाचवं डोंबिवली. तिथे त्यांच्या एका जुन्या सोबत्याचं घर रिकामं पडलं होतं.

"डोंबिवलीत काय आहे?" ह्यांनी विचारलं.

"स्टेशन आहे," मामंजी म्हणाले.

"आणि?"

मामंजींनी यादी पुन्हा वाचली. "स्टेशनवरून कल्याणला जाता येतं."

वैशाख चालू होता आणि लोणच्यासाठी आणलेली भोकरं घरात होती. भोकराचा चीक काय चिकटतो ते कचेरीतल्या कारकुनांना विचारा, त्यांचे लखोटे त्यावरच चालतात. कौलाच्या पाकळ्या द्यायचं काम माझं. पहिल्या चारही वेळा उजवीकडची पाकळी मी चीक लावून दिली.

नाशिकचं गाऱ्हाणं घातलं. डावी पडली. अलिबाग — डावी. उजव्या पाकळ्या हलेनात. मामंजींनी एक नखाने काढून पाहिली, निघाली नाही. तेव्हा ते डोळे मिटून म्हणाले, "देवाचा नकार इतका पक्का मी उभ्या जन्मात पाहिला नाही." आणि पुढची पाकळी तिच्याच वर चिकटवली. वज्रेश्वरी गेली, कल्याण गेलं. पाचव्या वेळी मी चीक डावीकडच्या पाकळीला लावला. उजवी अलगद खाली आली. डोंबिवली.

इथवर अमानवीय काहीही नाही. भोकराने चोख काम केलं, एवढंच. वन्संनी पाषाणाकडे पाहिलं, मग माझ्या बोटांकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "बरं."

माझा हिशेब सरळ होता. जायचंच आहे ना एकटीने? जा. पण समुद्र नाही, देऊळ नाही, कुंड नाही. जिथे बघण्यासारखं काही नाही तिथे जाऊन बसा. आठ दिवसांत कंटाळून परत याल.

आठव्या दिवशी वन्सं आल्या नाहीत, त्यांचं पोस्टकार्ड आलं. मामंजींनी ते निकालपत्रासारखं उभं राहून वाचलं. "ती. आप्पांस शि. सा. न. येथे सर्व क्षेम. येथे काही नाही. सकाळी काही होत नाही. दुपारी त्याहून कमी होते. प्रकृतीस उतार आहे."

दुपारी त्याहून कमी होते! मी मोरीवर बसले होते. हातात राख, पुढ्यात पातेल्यांचा ढीग. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की डोंबिवली ही शिक्षा नव्हती. मला चौदा वर्षं हवं होतं ते हेच... काही नाही. आणि ते मी स्वतःच्या बोटांनी चिकटवून दुसरीला दिलं होतं.

तेव्हापासून रोज दुपारी भांडी घासताना मला ती पडवी दिसायची. मी ती कधी पाहिली नव्हती. तरी शेणाने सारवलेली जमीन, डावीकडे चीर गेलेला खांब, समोर फणस, हे सगळं माझं मीच मांडून घेतलं होतं. मी भिंतीकडे बघत बसायची आणि मनाने त्या खांबाला टेकायची. पाय पसरायची. घरात असताना मी पाय पसरून बसल्याचं मला आठवत नाही. असं दहा-बारा दिवस चाललं. एका सोमवारी कुरडयांचा चीक शिजवताना डाव्या मनगटावर उडाला आणि टपोरा फोड आला. कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही, बांगड्या वर सारून काम उरकलं.

तिसऱ्या आठवड्यात ह्यांना कल्याणच्या कोर्टात काम निघालं. मामंजी म्हणाले, "सूनबाईंना वाटेत डोंबिवलीला सोड. दुर्गेला मेतकूट आणि पापड देऊन येतील. संध्याकाळच्या गाडीने परत आण."

दहाच्या सुमाराला मी डोंबिवलीला उतरले. ह्यांनी स्टेशनबाहेर उभं राहून छत्रीने घर दाखवलं. दाखवायला फार काही नव्हतंच, भाताची कोरडी खाचरं, मानपाड्याकडे जाणारी गाडीवाट आणि वाटेवरचं पहिलं कौलारू घर. हे पुढच्या गाडीने कल्याणला गेले, मी वाटेला लागले.

अंगणात एक आगरी बाई पाला झाडत होती. तिचं नाव धर्मी. घराची राखण, झाडलोट, सरपण सगळं तीच बघायची, हे वन्संच्या दुसऱ्या कार्डात आलं होतं. मी तिला किंवा तिने मला त्याआधी पाहिलं असण्याचा प्रश्नच नव्हता.

तिने मान वर केली आणि म्हणाली, "आज सकालचीच आयलीस गो बाय? रोज त दुपारची येतंस."

मी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

"मी ठाण्याहून आले," मी म्हटलं. "दुर्गाताईंची भावजय. पहिल्यांदाच येतेय."

"पयल्यांदा?" ती हसली. "रोज त्या खांबाला टेकून बसतंस, पाय लांब करून. बोलत नाय, चालत नाय. ऊन उंबऱ्याशी आयला का जातंस. मी म्हटलं, मोठ्या घरची बाय, थकली असंल, बसू दे." मग झाडू खाली ठेवून ती जवळ आली. "हात बरा झाला का गो? मागल्या सोमवारी केवढा फोड होता."

मनगट पदराखाली होतं. फोड बसला होता, नुसता डाग राहिला होता. तो मी पदराबाहेर काढला नाही. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी भीतीच्या आधी माझ्या मनात दुसरंच आलं. त्या फोडाची चौकशी करणारं हे पहिलं माणूस.

मी पडवीकडे पाहिलं. खांब डावीकडे होता. त्याला चीर होती. समोर फणस नव्हता, आंबा होता. तेवढ्यावरून मी जरा धीर धरला.

वन्सं बाहेर आल्या. अंगाने भरल्या होत्या. मी काही बोलायच्या आत धर्मीने सगळी हकीकत पुन्हा सांगितली. वन्संनी ती अशी ऐकली, जशी शाळेत मुलीने पाठ केलेली कविता ऐकावी.

"तुम्ही पाहिलंत मला?" मी विचारलं.

"नाही बाई. मी दुपारी झोपते. मला कोणी दिसलं नाही."

"मग हिला काय भ्रम झालाय?"

"असेल."

पडवीत दोन चटया होत्या. एकीवर वन्संचा चष्मा आणि पुस्तक. दुसरी खांबाशी, रिकामी.

"ही कोणाची?" मी विचारलं.

"तुझी. धर्मी रोज सांगते, तर म्हटलं घालून ठेवावी. यायचंच असेल तर जमिनीवर का बसावं माणसाने?"

मला रडू आलं. "वन्सं," मी म्हटलं, "कौलाच्या दिवशी मी..." त्यांनी हात वर केला. "जानके, भोकराचा चीक चार दिवस नखात राहतो. मला तेव्हाच दिसला होता."

"मग बोलला का नाहीत? तुम्हाला समुद्र बघायचा होता."

"अलिबागला आप्पांची मावसबहीण आहे आणि तिच्या घरात अकरा माणसं. समुद्र मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसला असता. डोंबिवलीचं नाव मीच सुचवणार होते, तेवढ्यात आप्पांनी ते यादीत घातलं." मग चष्मा पुसत म्हणाल्या, "मला वाटलं, तुला दया आली म्हणून तू डोंबिवली दिलीस."

"दया नव्हती."

"ते आत्ता कळलं. बस आता. आलीच आहेस तर बस."

मी त्या चटईवर बसले. खांबाला टेकले. पण पाय पसरवेनात. मेतकुटाचा डबा मांडीवर घेऊन मी गाडीची वेळ मोजत राहिले. वन्सं पुस्तक वाचत होत्या आणि मला त्यांचा हेवा वाटत नव्हता. वाटत होता तो त्या दुसरीचा, जी रोज दुपारी इथे येऊन, कोणाला न विचारता, पाय लांब करून बसत होती. जे मला समोर बसूनही जमलं नाही ते तिला जमत होतं. निघताना धर्मी म्हणाली, "उद्या ये गो." मला म्हणाली की तिला, ते मी विचारलं नाही.

ठाण्याला आल्यावर मी ठरवलं की हा प्रकार शास्त्रशुद्ध तपासायचा. धर्मीच्या म्हणण्याप्रमाणे मी दुपारी डोंबिवलीत असते. माझ्या म्हणण्याप्रमाणे मी मोरीवर असते. तर मोरीवरचे साक्षीदार आणावेत, म्हणजे निकाल लागेल.

रात्री वाढताना ह्यांना विचारलं, "गेल्या पंधरवड्यात दुपारच्या मी घरात होते ना?"

"म्हणजे? असणारच. जाणार कुठे?"

"पाहिलंत का?"

"मी कचेरीत असतो. आमटी वाढ."

थोरली म्हणाली, "तू असतेसच की, आई." धाकटीला विचारलं तर तिने लिंबाचं लोणचं मागितलं. मग मामंजी. ते पडवीत झोपाळ्यावर असतात आणि मोरी तिथून स्पष्ट दिसते. त्यांनी प्रश्न दोनदा ऐकला आणि शिरस्तेदारी आवाज काढला.

"सूनबाई, पाहिलं असं शपथेवर सांगता येणार नाही. आम्ही तिकडे पाहत नाही. परंतु जेवण वेळेवर होतं."

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. वन्संचं पुढे नेहमीचंच झालं, दर वैशाखात डोंबिवली. धर्मी पुढे वारली, आणि शेवटपर्यंत म्हणत होती की बाय दुपारची येते. फोडाचं तिला कसं कळलं, ह्याचा उलगडा मला झालेला नाही. मी हिवतापाची, उन्हाची, धर्मीच्या थट्टेची, सगळी कारणं लावून पाहिली, एकही चिकटलं नाही. मी तिथे होते असं छातीवर हात ठेवून सांगणारं एक माणूस होतं. मी इथे होते असं सांगणारं एकही मिळालं नाही.

माझ्या बाजूने पुरावा एवढाच, की भांडी रोज घासलेली होती.