गायकवाड सर विमानात बसले

परतूरच्या आमच्या महाविद्यालयात भूगोल शिकवणारे गायकवाड सर बाहेरगावी मान मिळवून आलेल्या कुणाचंही अभिनंदन करण्याआधी विचारायचे, "गेल्ते कशानं?" विमानानं, असं उत्तर आलं की पुढे केलेला हात मागे घ्यायचे. विमानाचा धूर हवा कशी तापवतो, हे ते चहाच्या टपरीवरही समजावत. त्यांना चुकवायला आम्ही टपरी बदलली. दोन दिवसांत त्यांनीही बदलली.

एकदा दिल्लीत विमानप्रवासाच्या दुष्परिणामांवर परिसंवाद ठरला. निबंध सरांनी लिहिला. वाचायचा मान संस्थेच्या अध्यक्षांनी घेतला. अध्यक्ष, त्यांचे मेहुणे, मेहुण्यांचे व्याही असे पाच पर्यावरणप्रेमी विमानानं निघाले. प्रायश्चित्त म्हणून आवारात रोपं लावली, फोटो काढले. त्यांना पाणी कुणी घालायचं, हे फोटोत दिसत नसल्यामुळे ठरलं नाही.

तिकीट सरांचंही काढलं होतं. ते म्हणाले, "साहेब, दारूबंदीच्या सभेला झिंगून जायचं का? मी आपला रेल्वेनं येतो."

गाडी सात तास उशिरा पोहोचली. सर सभागृहात शिरले तेव्हा खुर्च्या उचलणं चाललं होतं.

परतल्यावर मी विचारलं, "मग निबंध कुणीच ऐकला नाही तुमच्या तोंडून?"

"ऐकला ना! डब्यात वाचला. लोक बिलकुल शांत होते."

"खरंच?"

"झोपेल होते."

पुढच्या उन्हाळ्यात बंगळुरूहून त्यांच्या जावयाचा फोन आला. सरांची मुलगी बाळंतपणात अत्यवस्थ होती. मी मोबाइलवर रेल्वेगाड्या शोधू लागले, तशी माझ्याकडे न बघताच ते म्हणाले, "मॅडम, विमान बघा. जल्दी."

संध्याकाळी ते मुलीच्या उशाशी होते. मुलगी वाचली, नातही वाचली.

सर कामावर रुजू झाले त्या दिवशी अध्यक्ष मुद्दाम स्टाफरूममध्ये आले. "काय सर, उडालात ना शेवटी?"

सगळे हसले. मीही हसले.

"उडालो साहेब," सर म्हणाले. "अन् पुन्हा तशी वेळ आली, तर पुन्हा उडीन. माझ्या पोरीचा जीव चालल्ता. तुमच्या गळ्यात हार पडणार होता. दोन्ही गोष्टी एक न्हाईत."

हसणं तिथंच विरलं. मला माझ्या दातांची लाज वाटली. अध्यक्षांना एकाएकी कुठलीशी बैठक आठवली.

त्याच वर्षी सर निवृत्त झाले आणि मुलीकडे राहायला गेले. त्यानंतरच्या परिसंवादाला निबंध वाचायची पाळी माझी होती. हातात विमानाचं तिकीट पडलं; आयुष्यातलं पहिलं. खोटं कशाला बोलू, ढग वरून पाहायची मला फार हौस होती. दोन दिवस ते तिकीट नुसतं उलटसुलट करत बसले. मग आयोजकांना कळवलं, मी परतूरहूनच, संगणकासमोर बसून वाचते. ते लगेच हो म्हणाले. इतकं सोपं होतं!

विमानातली माझी जागा अर्थात रिकामी गेली नाही. अध्यक्षांचे धाकटे चिरंजीव दिल्ली बघून आले.