मिस्त्रीची नेमपट्टी

आमच्या मिस्त्रीला बिडी पेटवायची म्हटली तरी आधी वारा बघावा लागे. सदऱ्याला गिरणीतला कापूस चिकटलेला असायचाच. त्यातला एक तंतू चिमटीत धरायचा, सोडून द्यायचा, आणि तो कुठे जातो ते एक डोळा मिटून पाहायचे. "उगवतीचा हाय," असे म्हणून मग पाठ फिरवून काडी ओढायची. सात रस्त्याची गर्दी असो की कुणाच्या लग्नाचा मांडव, हा कार्यक्रम चुकला नाही. तुमच्याही आळीत असे एखादे पात्र असेल. नसेल तर तुमचे नशीब फुटके, दुसरे काय!

मी सोलापुरात म्युनिसिपालिटीच्या शाळेत भूगोल शिकवायचो, तो सूतगिरणीत फिटर. आमच्या दोन खोल्यांत एकच भिंत. पहिल्या महायुद्धात तो इराकात बसऱ्याला जाऊन आला होता. तिथे विमानांच्या कारखान्यात त्याच्याकडे काम होते बाँबच्या नेमपट्टीचे.

ही काय भानगड, ते त्याने मला एकदा धावत्या टांग्यात समजावले. हातात लिंबू दिले आणि म्हणाला, "मास्तर, ह्ये त्या दगडावर पाडा." दगड बरोबर खाली आल्यावर मी लिंबू सोडले. ते दगड ओलांडून टप्पे खात गेले थेट एका भाजीवालीच्या पाटीत. तिने माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मिस्त्री मात्र खूश. "विमानातनं बी असंच. टाकलेलं सरळ खाली येत न्हाय, पुढं पळतं. म्हणून आधीच सोडायचं. किती आधी, त्ये पट्टी सांगती."

पट्टी पितळेची. गवंड्याच्या पाणसळीत असतो तसा तिच्यात बुडबुडा, आणि मागेपुढे सरकणारी दोन टोके. विमान किती उंचावर, किती वेगात, वारा कुठला, हे पाहून टोके लावायची. दोन्ही टोके आणि खालचे गाव एका रेषेत आले की बाँब सोडायचा. मिस्त्री या पट्ट्या कानशीने घासून, तपासून साहेबांच्या हाती द्यायचा. साहेब बाँब घेऊन जायचे आणि रिकामे परत यायचे. तो स्वतः कधी विमानात चढला नव्हता.

आळीत कुणी म्हणाले, "मिस्त्री, लई गावं उडवली असतील की तुमी!" तर तो हसून हात झटकायचा. "अवो, कसला नेम न् कसलं काय! पितळंचा तुकडा त्यो. समदं वाळूत जायचं." गिरणीत त्याने बसवलेल्या सूत कातायच्या चातीला कुणी बोट लावलेले त्याला खपत नसे, आणि ही पट्टी म्हणे खोटी! एकदा मी त्याला छेडलेच. तेव्हा तो हसला नाही. म्हणाला, "साहेब परत आलं की आज कुटलं गाव, त्ये बोलायचं. मी ऐकायचो. ती पट्टी खरी असती, मास्तर, तर मला आज भाकर गिळली असती का?"

तिसाव्या सालानंतरच्या एका हिवाळ्यात गावाबाहेरच्या माळावर विमानवाले आले. लोकांना वर फिरवून आणायचे आणि शेवटच्या दिवशी खेळ ठेवायचा. माळावर कडब्याची खोप उभी केली होती. उडत्या विमानातून तिच्यावर रांगोळीची पिशवी पाडायची. सकाळपासून हौशी लोकांनी आपापला हात साफ करून घेतला. एक पिशवी पाहुण्यांच्या मांडवात पडली आणि कापडवाले शेटजी भुतासारखे पांढरेफटक होऊन बाहेर आले. हसून हसून आमची पोटे दुखली.

गिरणीतल्या लोकांनी मिस्त्रीला पुढे ढकलले, तर हा पठ्ठ्या तयारच! खांद्यावरच्या झोळीतून नवी कोरी नेमपट्टी काढली. मी त्याला बाजूला घेतले. "कशाला हा उपद्व्याप?"

"एकदाचा निकाल लागू द्या. बसऱ्याला करायचो तशीच केली हाय. चुकली की मी सुटलो."

"मग चुकीचीच करायची होती की!"

"मंग काय कळलं असतं, मास्तर?"

खरे सांगू का, त्या हाताला वाकडे काम जमतच नव्हते. त्याची बायको, आमची वहिनी, माझ्या शेजारी पदर तोंडाला लावून उभी होती. नेम चुकू दे म्हणून तिने सिद्धेश्वराला नारळ बोलला होता. त्या सबंध गर्दीत असला नवस करणारी ती एकटीच.

मिस्त्रीने कापसाचा तंतू सोडला, गोऱ्या वैमानिकाला हाताने दिशा दाखवली, तो जन्मात पहिल्यांदा विमानात चढला आणि विमान वर गेले. वाऱ्याला तोंड करून ते माळावर आले. खोप बरीच लांब असतानाच पिशवी सुटली. "चुकली!" मी ओरडलो, "वहिनी, चुकली बघा!" मला इतका आनंद झाला की काय सांगू. पिशवी पुढे आली, येतच राहिली, आणि खोपीच्या दारात फुटली.

लोक वेडे झाले. पागोटी उडाली.

विमान उतरताच गिरणीवाल्यांनी मिस्त्रीला खांद्यावर घेतले, गळ्यात हार घातला. त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "आनंद मावंना गड्याला," गिरणीतला मुकादम म्हणाला. मिस्त्रीने वरून माझा खांदा घट्ट धरला. "लागला, मास्तर," तो म्हणाला. "लागला की हो."

त्यानंतर तो गिरणीत गेलाच नाही. आपल्या गावी, कुंभारीला, परत जायचे ठरवून संक्रांतीच्या आत खोली सोडली. जायच्या दिवशी दुपारी तो शाळेत आला आणि आशियाचा नकाशा काढायला लावला. बसरा सापडले, बगदाद सापडले. मग तो साहेबांच्या तोंडून ऐकलेल्या गावांचे एकेक नाव सांगू लागला, आणि मी भिंग घेऊन शोधू लागलो. एकही मिळेना.

"नाहीत, मिस्त्री. इतकी लहान गावं नकाशात देत नाहीत."

"आमची कुंभारी हाय का?"

मी सोलापूरभोवती भिंग फिरवले. "नाही."

"म्हंजी कुंभारीगत ती बी हायत," तो म्हणाला, आणि पायरीवरच्या वहाणा घालून वहिनीबरोबर कुंभारीच्या वाटेला लागला.